ब्लॅकपिंकची सिंगल्स आणि चार्टवरील क्रमांक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅकपिंकचे एखादे नवे गाणे आले की त्याबद्दल ‘जगात पहिले’ आणि ‘अमेरिकेत बाविसावे’ अशा दोन बातम्या पाठोपाठ वाचायला मिळतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. हे कसे होते, हा प्रश्न गटाचे चाहते आणि त्यांचे पालक असे दोघेही विचारतात, म्हणून ही प्रश्नोत्तरे थोडी सविस्तर लिहिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे दिलेला क्रमांक म्हणजे त्या गाण्याने त्या चार्टवर गाठलेले सर्वांत वरचे स्थान, असे समजावे.

ब्लॅकपिंकची सुरुवात कोणत्या गाण्यांनी झाली?

ब्लॅकपिंक हा दक्षिण कोरियातील वायजी एंटरटेनमेंट या कंपनीने घडवलेला चौघींचा गट आहे. जिसू, जेनी, रोझे आणि लिसा या चौघींनी कंपनीत काही वर्षे गाणे, नाच आणि रॅप यांचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर ८ ऑगस्ट २०१६ रोजी ‘स्क्वेअर वन’ या नावाखाली ‘व्हिसल’ आणि ‘बूम्बाया’ ही त्यांची दोन गाणी एकाच दिवशी प्रसिद्ध झाली. ‘व्हिसल’ कोरियाच्या गाओन डिजिटल चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेले, तर ‘बूम्बाया’ने बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या वर्ल्ड डिजिटल साँग सेल्स या अमेरिकी डाउनलोड विक्रीच्या चार्टवर पहिले स्थान मिळवले. २१ ऑगस्टला एसबीएस वाहिनीवरील ‘इंकिगायो’ या साप्ताहिक कार्यक्रमात गटाचा पहिला विजय नोंदला गेला. तोवर पदार्पणाला दोन आठवडेही पूर्ण झाले नव्हते.

या पहिल्या जोडीतच पुढची दिशा दिसते, असे माझे मत आहे. ‘व्हिसल’ हे मोजक्या वाद्यांचे, शिट्टीच्या लहानशा धूनभोवती फिरणारे, मध्ये मुद्दाम मोकळ्या जागा ठेवणारे गाणे आहे आणि ते घरच्या श्रोत्यांनी उचलून धरले. ‘बूम्बाया’ दणदणीत, नाचाचे आणि अर्थ न कळताही तोंडात बसणाऱ्या ध्रुवपदाचे आहे, आणि ते परदेशात अधिक चालले. पुढच्या काळात कंपनीने मुख्यतः दुसऱ्या वाटेवर भर दिला.

सिंगल, सिंगल अल्बम आणि मिनी अल्बम यांत फरक काय?

एकटे प्रसिद्ध केलेले, किंवा अल्बममधून निवडून पुढे आणलेले गाणे म्हणजे सिंगल. एक ते तीन गाण्यांचा छोटा संच एका नावाखाली आला, तर त्याला कोरियात सिंगल अल्बम म्हणतात. ‘स्क्वेअर वन’ आणि १ नोव्हेंबर २०१६ रोजी आलेला ‘स्क्वेअर टू’ ही त्याची उदाहरणे आहेत. ‘स्क्वेअर अप’ (२०१८) आणि ‘किल धिस लव्ह’ (२०१९) हे मिनी अल्बम, तर ‘द अल्बम’ (२०२०) आणि ‘बॉर्न पिंक’ (२०२२) हे पूर्ण अल्बम आहेत. ज्या गाण्याचा मोठा व्हिडिओ निघतो आणि जे दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत सादर होते, त्याला टायटल ट्रॅक म्हणण्याची पद्धत आहे, मग अल्बमचे नाव काहीही असो. चार्टचे गणित मांडणाऱ्यांना मात्र या वर्गवारीशी फारसे कर्तव्य नसते. पुरेसे ऐकले किंवा विकले गेलेले कोणतेही गाणे त्यांच्या यादीत येऊ शकते.

इतके चार्ट कशाला? प्रत्येक चार्ट नेमके काय मोजतो?

या पानावरील सगळी उत्तरे या एका प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून येथे थोडे थांबू.

बिलबोर्ड हॉट १०० हा फक्त अमेरिकेचा चार्ट आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र मोजल्या जातात : अमेरिकेतील स्ट्रीमिंग, गाण्याची विक्री आणि रेडिओवरचे प्रसारण. यांपैकी रेडिओ हा परभाषेतील गाण्यांच्या मार्गातला सर्वांत मोठा अडसर ठरतो, कारण चाहते गाणे विकत घेऊ शकतात, पुन्हा पुन्हा ऐकू शकतात, पण रेडिओ केंद्राने ते दिवसातून किती वेळा लावावे हे त्यांच्या हातात नसते.

बिलबोर्ड ग्लोबल २०० सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. तो दोनशेहून अधिक देश-प्रदेशांतील स्ट्रीमिंग आणि डाउनलोड मोजतो. रेडिओ त्यात अजिबात नाही. ज्या गटाचे श्रोते जकार्ता, बँकॉक, मनिला, साओ पाउलो, मेक्सिको सिटी आणि मुंबई असे विखुरलेले आहेत, त्याला हा चार्ट साहजिकच मानवतो.

कोरियाचा अधिकृत चार्ट २०१० मध्ये गाओन या नावाने सुरू झाला आणि जुलै २०२२ मध्ये त्याचे नाव सर्कल चार्ट असे झाले. जुन्या बातम्यांत गाओन आणि नव्या बातम्यांत सर्कल दिसते, पण चार्ट एकच आहे. त्याच्या अल्बम यादीत दुकानांना पाठवलेल्या प्रतींतून परत आलेल्या प्रती वजा करून आकडा काढला जातो, त्यामुळे तो आणि प्रत्यक्ष विक्री मोजणाऱ्या हांटेओ चार्टचा आकडा क्वचितच जुळतो. याशिवाय मेलॉनसारख्या संगीतसेवांचे स्वतःचे तासागणिक बदलणारे चार्ट असतात. कोरियातील सर्व प्रमुख सेवांवर एकाच वेळी पहिले येण्याला तेथे ‘ऑल-किल’ म्हणतात.

आता यातून निघणारी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘हाऊ यू लाइक दॅट’ हे गाणे जून २०२० मधले आहे, आणि त्या वेळी ग्लोबल २०० अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे ‘पिंक व्हेनम जगात पहिले आले, हाऊ यू लाइक दॅट मात्र आले नाही’ अशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. गाण्यांची तुलना करायची असेल, तर चार्ट आणि काळ दोन्ही सारखे असायला हवेत.

हॉट १०० वर ब्लॅकपिंकची कोणती गाणी आली आणि कितव्या क्रमांकापर्यंत?

पहिले गाणे ‘डू-डू डू-डू’. १५ जून २०१८ रोजी ‘स्क्वेअर अप’ या मिनी अल्बममधून आलेले हे गाणे हॉट १०० वर ५५ व्या क्रमांकावर पोहोचले, आणि तोवर कोरियातील मुलींच्या कोणत्याही गटाला एवढे वर जाता आले नव्हते. त्याच वर्षी इंग्रज गायिका दुआ लिपासोबतचे ‘किस अँड मेक अप’ ९३ वर आले. एप्रिल २०१९ मध्ये रणवाद्यांच्या थाटातले ‘किल धिस लव्ह’ ४१ पर्यंत गेले. २०२० हे वर्ष सर्वांत भरघोस ठरले : मे महिन्यात लेडी गागाच्या अल्बमवरील ‘सावर कँडी’ ३३, जूनमध्ये ‘हाऊ यू लाइक दॅट’ पुन्हा ३३, ऑगस्टअखेर सेलेना गोमेझबरोबरचे ‘आइस्क्रीम’ १३, आणि ऑक्टोबरमध्ये ‘लव्हसिक गर्ल्स’ ५९. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये ‘पिंक व्हेनम’ २२ वर आणि ‘शट डाऊन’ २५ वर आले. त्यानंतर जुलै २०२५ मधील ‘जंप’ २८ पर्यंत गेले.

ब्रिटनच्या अधिकृत सिंगल्स चार्टवरचे चित्र थोडे वेगळे आहे. तेथे पहिल्या चाळिसांत पाऊल पडले ते ‘किस अँड मेक अप’मुळे, ३६ व्या क्रमांकावर, म्हणजे अमेरिकेत जेमतेम टिकलेल्या गाण्याने. दुआ लिपा तेथली घरची गायिका असल्याने त्यात आश्चर्य वाटू नये. पुढे ‘किल धिस लव्ह’ ३३ वर आणि ‘सावर कँडी’ १७ वर गेले.

‘आइस्क्रीम’ सर्वांत वर आहे, म्हणजे ते त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे आहे का?

तसे म्हणता येणार नाही. ‘आइस्क्रीम’ बहुतांशी इंग्रजीत आहे, त्यात सेलेना गोमेझसारखी अमेरिकी रेडिओला सवयीची असलेली गायिका आहे, आणि गीतकारांत अरियाना ग्रांदेचे नाव आहे. अमेरिकेत वर चढण्यासाठी लागणारी सगळी सामग्री एका गाण्यात जमली होती. कोरियात मात्र त्याला ‘हाऊ यू लाइक दॅट’सारखा प्रतिसाद मिळाला नाही आणि गाओनचे पहिले स्थान त्याच्या वाट्याला आले नाही. मैफिलीतही लोक ज्याची वाट पाहतात ते गाणे ‘डू-डू डू-डू’ असते, ‘आइस्क्रीम’ नव्हे. स्पष्ट सांगायचे तर हे त्यांच्या मोठ्या सिंगल्सपैकी सर्वांत फिके गाणे आहे, असे मला वाटते. चारही आवाजांचे वेगळेपण त्यात पुसट झाले आहे. चार्टवरील क्रमांकाला गाण्याच्या गुणवत्तेचा दाखला मानू नये, याचे हे सोयीचे उदाहरण आहे.

एकच गाणे जगात पहिले आणि अमेरिकेत बाविसावे, हे कसे?

१९ ऑगस्ट २०२२ रोजी आलेले ‘पिंक व्हेनम’ याचे उत्तर देते. गाण्याची सुरुवात गोमुंगो या कोरियन तंतुवाद्याच्या छेडण्याने होते आणि त्यावर लगेच हिप-हॉपचा ठेका बसतो. जेनी आणि लिसा यांचे रॅप अर्धे कोरियन, अर्धे इंग्रजी आहे. पहिल्या आठवड्यात आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका, कोरिया, जपान, भारत अशा सर्व ठिकाणचे स्ट्रीमिंग एकत्र आले आणि ग्लोबल २०० वर ते पहिले ठरले. हॉट १०० मध्ये यांपैकी फक्त अमेरिकेतला वाटा मोजला गेला, शिवाय रेडिओच्या स्तंभात फारसे काही जमा झाले नाही, म्हणून तेथे ते २२ वर थांबले.

पुढच्याच महिन्यात ‘शट डाऊन’नेही हेच केले : ग्लोबल २०० वर पहिले, हॉट १०० वर २५ वे. या गाण्यात इटालियन संगीतकार पागानिनीच्या ‘ला काम्पानेल्ला’ या रचनेतील व्हायोलिनचा तुकडा सुरुवातीपासून अखेरपर्यंत वळवून वळवून वापरला आहे. ‘पिंक व्हेनम’पेक्षा हे गाणे अधिक नेटके बांधले आहे, असे माझे मत आहे, पण टायटल ट्रॅकच्या आधी आलेल्या गाण्याने सगळे लक्ष खेचून घेतले होते.

या दोन चार्टांतले अंतर ब्लॅकपिंकच्या बाबतीत कायम राहिले आहे, आणि या गटाचे यश समजून घ्यायचे तर तेच नीट पाहायला हवे. त्यांचा श्रोता एका देशात दाटून बसलेला नाही. देशोदेशी थोडा थोडा पसरलेल्या श्रोत्यांची बेरीज करणारा चार्ट २०२० पर्यंत नव्हताच, आणि तो आल्यावरच हे यश आकड्यांत दिसू लागले.

मग कोरियात त्यांची लोकप्रियता कमी आहे का?

असे अनेकदा लिहिले जाते, पण आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. ‘व्हिसल’, ‘डू-डू डू-डू’ आणि ‘हाऊ यू लाइक दॅट’ ही तिन्ही गाणी गाओन डिजिटल चार्टवर पहिली आली. ‘किल धिस लव्ह’, ‘लव्हसिक गर्ल्स’ आणि नंतर सर्कलवर ‘पिंक व्हेनम’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ‘प्लेइंग विथ फायर’ (२०१६) आणि ‘ॲज इफ इट्स युवर लास्ट’ (जून २०१७) तिसऱ्या क्रमांकाची आहेत. ज्या बाजारात दर आठवड्याला नवे गट आणि नवी गाणी येतात, तेथे पहिल्या तिघांत इतके सातत्य सोपे नाही.

तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. कोरियात एखाद्या गटाचा दबदबा दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक कार्यक्रम, मनोरंजनाचे कार्यक्रम, महाविद्यालयांचे महोत्सव अशा ठिकाणच्या वारंवार दिसण्यातून तयार होतो, आणि वायजीने या गटाला तेथे मोजकेच दिसू दिले. दौरे आणि जाहिराती यांकडे अधिक वेळ गेला. त्यामुळे गाणी सर्वतोमुखी असूनही गट थोडा दूरचा वाटतो, अशी भावना तेथे आहे.

यूट्यूबवरील चोवीस तासांचे विक्रम विश्वासार्ह आहेत का?

या प्रश्नाच्या उत्तरात भारताचा थेट संबंध आहे. एप्रिल २०१९ मध्ये ‘किल धिस लव्ह’च्या व्हिडिओला पहिल्या चोवीस तासांत ५ कोटी ६७ लाख व्ह्यूज मिळाले आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला, काही दिवसांतच बीटीएस या कोरियन मुलांच्या गटाने तो मोडून ७ कोटी ४६ लाखांपर्यंत नेला. मग जुलै २०१९ मध्ये भारतीय रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला एका दिवसात साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. यातील बराच भाग गाणे जाहिरात म्हणून दाखवून मिळवलेला असल्याचे पुढे आले आणि यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही. असे जाहिरातींतून व्ह्यूज विकत घेणे तेव्हा नियमबाह्य नव्हते आणि जगभरच्या संगीत कंपन्या कमी-अधिक प्रमाणात ते करत होत्या, हेही सांगायला हवे. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने नियम बदलला आणि पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज चोवीस तासांच्या विक्रमात धरणे बंद केले.

त्यामुळे ‘हाऊ यू लाइक दॅट’चे जून २०२० मधील ८ कोटी ६३ लाख आणि ‘पिंक व्हेनम’चे ऑगस्ट २०२२ मधील ९ कोटी ४ लाख हे दोन्ही आकडे नव्या, कडक नियमानंतरचे आहेत. पहिला आकडा सर्वकालिक विक्रम होता. दोन महिन्यांत बीटीएसच्या ‘डायनामाइट’ने दहा कोटींची रेषा ओलांडून तो मागे टाकला.

चोवीस तासांपेक्षा मला दीर्घ पल्ल्याचा आकडा अधिक बोलका वाटतो. ‘डू-डू डू-डू’च्या व्हिडिओने नोव्हेंबर २०१९ मध्ये १०० कोटी व्ह्यूज गाठले आणि कोरियन गटाच्या कोणत्याही व्हिडिओने तोवर एवढी मजल मारली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये तो २०० कोटींवर गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये गटाच्या वाहिनीने जस्टिन बीबरला मागे टाकून सर्वाधिक सदस्यसंख्येची कलावंत-वाहिनी हा मान मिळवला. पहिल्या दिवसाचे व्ह्यूज चाहते जमवतात. चार वर्षांनी पुन्हा ते गाणे लावणारे सगळेच चाहते नसतात.

हॉट १०० वर पोहोचलेला कोरियन मुलींचा पहिला गट ब्लॅकपिंकच आहे ना?

नाही. तो मान वंडर गर्ल्स या गटाचा आहे. त्यांचे ‘नोबडी’ हे गाणे २००८ मध्ये कोरियात गाजले, त्याची इंग्रजी आवृत्ती काढून गट २००९ मध्ये जोनस ब्रदर्स या अमेरिकी पॉप गटाच्या अमेरिकी दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर गाऊ लागला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये हे गाणे हॉट १०० वर ७६ वे आले. कोरियातील कोणत्याही कलावंताचा त्या यादीतला हा पहिला प्रवेश होता. शाळकरी मुलींच्या कपड्यांच्या ‘जस्टिस’ या अमेरिकी दुकानसाखळीत गाण्याची सीडी एका डॉलरला विकण्याची शक्कल त्यामागे होती. स्ट्रीमिंगचा जमाना यायचा होता, विक्रीला वजन होते, आणि ज्या वयाच्या मुली जोनस ब्रदर्स ऐकत होत्या त्याच तेथे आईबरोबर खरेदीला येत होत्या. ‘नोबडी’ आणि ‘डू-डू डू-डू’ यांच्यामध्ये जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात कोरियन मुलींचा दुसरा कोणताही गट या यादीत आला नाही.

‘बॉर्न पिंक’ अमेरिकेत पहिला आला, तो कसा?

येथे गाण्यांचा चार्ट सोडून अल्बमच्या चार्टकडे, म्हणजे बिलबोर्ड २०० कडे यावे लागते. ‘स्क्वेअर अप’ तेथे ४० वा, ‘किल धिस लव्ह’ २४ वा, ‘द अल्बम’ दुसरा, आणि १६ सप्टेंबर २०२२ रोजी आलेला ‘बॉर्न पिंक’ पहिला, असा हा चढता क्रम आहे. कोरियन मुलींच्या गटाने हे स्थान मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. कोणत्याही देशाच्या फक्त स्त्रियांच्या गटाचा विचार केला, तर २००८ मधील डॅनिटी केन या अमेरिकी गटानंतर प्रथमच असे घडले. ब्रिटनच्या अल्बम चार्टवरही तो पहिला आला.

त्या आठवड्याचा हिशेब मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. एकूण १,०२,००० एकके जमली (एक एकक म्हणजे एका अल्बमच्या विक्रीइतके वजन). त्यांतील सुमारे ७५,५०० ही अल्बमची प्रत्यक्ष विक्री होती, सुमारे २५,००० एकके स्ट्रीमिंगमधून आली आणि उरलेली थोडी सुट्या गाण्यांच्या विक्रीतून. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पैसे भरून घेतलेल्या सेवेवर १,२५० वेळा, किंवा जाहिरातींसह फुकट चालणाऱ्या सेवेवर ३,७५० वेळा गाणी ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असे धरले जाई. म्हणजे तीन-चतुर्थांश यश हे वेगवेगळ्या आवृत्त्या, छायाचित्रकार्डे आणि पुस्तिका असलेल्या खोक्यांच्या विक्रीचे होते. कोरियन पॉपमध्ये ही रीतच आहे, आणि एक चाहता अनेक प्रती घेतो हे उघड गुपित आहे. शिवाय ‘द अल्बम’ दुसरा आला तेव्हा त्याची एकके १,१०,००० होती, म्हणजे पहिल्या आलेल्या ‘बॉर्न पिंक’पेक्षा जास्त, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. आठवडा कोणता मिळतो, यावर बरेच ठरते.

इतकी कमी गाणी का?

गटाच्या चाहत्यांचे हे सर्वांत जुने दुखणे आहे. २०१७ मध्ये त्यांचे कोरियन भाषेतील एकच नवे सिंगल आले. ‘किल धिस लव्ह’ नंतर ‘हाऊ यू लाइक दॅट’ यायला चौदा महिने लागले. पहिला पूर्ण अल्बम पदार्पणानंतर चार वर्षांनी आला आणि त्यात अवघी आठ गाणी होती. समकालीन ट्वाइस हा गट एका वर्षात दोन-तीनदा नव्या गाण्यांसह येत होता. ब्लॅकपिंकच्या गाण्यांमागे बहुतेक वेळा टेडी हाच निर्माता असणे, कंपनीचा सावकाश चालणारा कारभार आणि लांबलचक दौरे ही कारणे सांगितली जातात.

या टंचाईने प्रत्येक सिंगल हा प्रसंग बनला आणि पहिल्या आठवड्याचे आकडे फुगले, हे मान्य करावे लागेल. पण चौघींच्या आवाजांत जेवढा वाव होता तेवढा वापरला गेला नाही, असेही तितक्याच ठामपणे म्हणावेसे वाटते. ‘स्टे’सारखे संथ, ध्वनिक गिटारवरचे गाणे त्यांनी २०१६ मध्येच गायले होते; तसे पुन्हा टायटल ट्रॅक म्हणून पुढे आणण्याचे धाडस कोणी केले नाही. त्यातल्या त्यात ‘लव्हसिक गर्ल्स’ वेगळे आहे. त्याच्या गीतलेखनात जिसू आणि जेनी यांचा सहभाग होता, आणि आरडाओरडा न करता उभे राहणारे हे त्यांचे सर्वांत चांगले सिंगल आहे, चार्ट काहीही म्हणोत.

सदस्यांची स्वतंत्र गाणी गटाच्या यशात धरायची का?

चार्ट ती वेगळीच मोजतात आणि आपणही वेगळीच मोजावीत. जेनीचे ‘सोलो’ (नोव्हेंबर २०१८) कोरियात पहिले आले. २०२१ मध्ये रोझेचे ‘ऑन द ग्राउंड’ हॉट १०० वर ७० वे, लिसाचे ‘लालिसा’ ८४ वे आणि तिचेच ‘मनी’ ९० वे आले. जिसूचे ‘फ्लॉवर’ मार्च २०२३ चे. डिसेंबर २०२३ मध्ये चौघींनी गट म्हणून वायजीशी करार पुढे चालू ठेवला, पण वैयक्तिक कामासाठी स्वतंत्र वाटा धरल्या, आणि त्यानंतर रोझे व ब्रुनो मार्स यांचे ‘एपीटी’ आले. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेले हे गाणे हॉट १०० वर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, ब्रिटनमध्ये दुसरे आले आणि ग्लोबल २०० वर बारा आठवडे पहिले राहिले. गटाला जो रेडिओ कधी वळवता आला नव्हता, तो या गाण्याने वळवला.

मुलींच्या एखाद्या के-पॉप गटाचे गाणे हॉट १०० वर पहिले आले आहे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये आले, पण तो गट काल्पनिक आहे. ‘केपॉप डेमन हंटर्स’ या नेटफ्लिक्सवरील ॲनिमेशनपटातील हंट्रिक्स या गटाचे ‘गोल्डन’ हे गाणे तेथे पहिले आले आणि त्यामागचे आवाज इजे, ऑड्री नूना आणि रेई अमी या कोरियन-अमेरिकी गायिकांचे आहेत. गाण्याच्या श्रेयनामावलीत टेडीचेही नाव आहे. प्रत्यक्षातील गटांपैकी मात्र तोवर कोणालाही ‘आइस्क्रीम’च्या १३ व्या क्रमांकाच्या वर जाता आले नव्हते. अल्बम चार्टवर मात्र ‘बॉर्न पिंक’नंतर २०२३ मध्ये न्यूजीन्स आणि २०२४ मध्ये ट्वाइस यांनी पहिले स्थान मिळवले आहे.

‘जंप’ने काय साधले?

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गोयांगच्या स्टेडियममध्ये नव्या दौऱ्याच्या शुभारंभाला हे गाणे प्रथम गायले गेले आणि ११ जुलैला प्रसिद्ध झाले. निर्मात्यांत डिप्लो या अमेरिकी डीजेचे नाव आहे आणि चाल नव्वदीतल्या युरोपीय नाच-संगीताकडे झुकणारी आहे. ते ग्लोबल २०० वर पहिले आले, गटाचे असे तिसरे गाणे. हॉट १०० वर २८. तीन वर्षांच्या खंडानंतरही दोन चार्टांमधले अंतर जवळपास तेवढेच राहिले.

महाराष्ट्रात बसून ऐकलेले गाणे कोणत्या चार्टमध्ये मोजले जाते?

हॉट १०० मध्ये नाही. पुण्यातून किंवा नाशिकमधून कितीही वेळा ऐकले, तरी अमेरिकेच्या यादीत त्याची नोंद होत नाही, आणि चाहत्यांच्या गटांतून फिरणारे ‘रात्रभर लूपवर लावा, हॉट १०० ला मदत होईल’ असे संदेश त्यामुळे निरर्थक आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी ऐकलेले मात्र तेथे मोजले जाते. भारतातील ऐकणे ग्लोबल २०० मध्ये धरले जाते, तसेच बिलबोर्डने फेब्रुवारी २०२२ पासून सुरू केलेल्या भारताच्या यादीत आणि इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेच्या जून २०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय टॉप २० मध्येही. दुसऱ्या यादीत फक्त परदेशी गाणी असतात, त्यामुळे तेथे ब्लॅकपिंकची स्पर्धा हिंदी-पंजाबी गाण्यांशी होत नाही; बिलबोर्डच्या यादीत ती होते.

स्पॉटिफायवर गाणे किमान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते एक स्ट्रीम धरले जाते. पैसे भरून घेतलेल्या खात्यावरच्या स्ट्रीमला बिलबोर्डच्या हिशेबात फुकट खात्यापेक्षा जास्त वजन आहे, आणि आपल्याकडे बहुतेक जण फुकट खात्यावरच ऐकतात. एका श्रोत्यामागे मिळणारे वजन कमी, पण श्रोत्यांची संख्या मोठी, अशी भारताची स्थिती आहे.